मधले अकरा तास

माझे लग्न अकरा तासांसाठी अडले होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी तेव्हा गिरगाव घुमत होते आणि आमच्या वाडीत सरकारच्या एकाही शब्दावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. मग दादरहून आलेल्या स्थळावर तरी का असावा? मुलगा इंजिनियर, कंपनीच्या खर्चाने विमानातून लंडनला जाऊन आलेला. मला पाहायला आला तेव्हा त्याने प्रवास सांगितला. मुंबईहून सकाळी सहाला निघाला, तो मध्यरात्री बाराला लंडनला उतरला. येताना तिकडून सकाळी सहाला निघाला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला इथे.

पाहुण्यांची पाठ वळताच नानामामाने बोटे मोजली. (मामा स्थळांच्या चौकशीत तरबेज. त्याच्या चौकशीतून सुटलेला नवरा आमच्या नात्यात एकच, तो स्वतः.)

"जाताना अठरा तास. येताना एकोणतीस. भावोजी, मधले अकरा तास होता कुठे हा?"

अण्णांची सुपारी हातातच राहिली. मी शिवणाच्या पेटीतला दोरा आणून नकाशावर ताणला. साडेचार हजार मैल भरले. मामाने तोच दोरा लंडनकडून मुंबईकडे पुन्हा ताणला. तेवढेच भरले. संशय पक्का झाला!

"विमान वाटेत कैरोला थांबतं," मामा आवाज उतरवून म्हणाला.

"थांबेना का," आई म्हणाली. "पेट्रोल भरत असतील."

"अकरा तास, ताई?"

त्या अकरा तासांना मग माझ्या मनात रूप आले. काजळाने जड झालेल्या पापण्या, उदाचा दरवळ, खजुरीच्या सावलीत सरबताचे दोन पेले. मुलगा मला मनापासून आवडला होता. त्याच्या आवाजात भिजल्या वाळ्याचा गारवा होता. म्हणून तर ते सरबत मला फारच कडू लागले. (मी ते प्यायले नव्हते, तरीही.) अण्णा नकार कळवायला चपला घालू लागले, तेव्हा मीच दारात आडवी आले.

"एकदा समोरासमोर विचारा ना, अण्णा."

तो पुन्हा आला. अण्णांनी पोह्यांचीही वाट पाहिली नाही.

"येताना तुम्हाला अकरा तास जास्त कसे लागले?"

"नाही लागले. दोन्ही वेळा साडेतेवीसच," तो शांतपणे म्हणाला. "लंडनची घड्याळं आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतात. मी जिथली वेळ तिथली सांगितली."

खोलीत ओल्या खोबऱ्याचा वास तेवढा हलत होता.

"म्हणजे कैरोला कोणी नव्हतं?" मामाने खट्टू होऊन विचारले.

"डास होते," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तुम्ही शाळेत शिकवता ना? कोणता विषय?"

रेखांश आणि स्थानिक वेळ हा धडा मी त्याच आठवड्यात सातवीला शिकवला होता, उत्तर न आलेल्या दोघींना बाकावर उभे करून.

"मराठी," मी म्हणाले.

आमच्या लग्नाच्या बोलणीत सांगितले गेलेले खोटे तेवढे एकच.