तुरीतली चार झाडं

ती केस मी अजून विसरलेलो नाही. आरोपीने पहिल्याच प्रश्नाला गुन्हा कबूल केला आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गांजाचा नवा कायदा नुकताच लागू झाला होता. मी कमलनगरकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक जीपवाला बागायतदार आला आणि खुर्ची ओढून बसला. "आमच्या गावात धनगराच्या म्हाताऱ्यानं तुरीत गांजा लावलाय. गावाचं नाव खराब व्हायलंय, सायब." पंच म्हणून सही करायलाही तो एका पायावर तयार होता. गावाच्या अब्रूची एवढी काळजी घेऊन कोणी उगाच ठाण्याची पायरी चढत नाही. मी पंच दुसरे घेतले.

तुरीत खरंच चार झाडं निघाली. म्हातारा बैलाजवळ उभा होता. "व्हय, मीच लावलो. बैलाचं पोट फुगलं की पाला गुळात घालून चारतो. माझा बापबी चारायचा."

हवालदार खूश झाला. मी मात्र झाडांभोवती फिरलो. फुलोरा बियांनी भरला होता. विकण्यासाठी लावणारा माणूस नर झाडं वेळीच उपटतो, कारण बी धरलेल्या मालाला भाव नसतो. इथे नर तसाच उभा होता. पण चार झाडं असोत की चार एकर, कलम एकच होतं. म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं.

"मला आत टाकलात तर बैलाला पाणी कोण दावील?" एवढंच तो विचारत होता. घरात दुसरं कोणी नव्हतं.

मी विचारलं, "नर झाडं का उपटली नाहीस?"

"कामून उपटू? पुढच्या साली बी कुठून आणू?" मग त्याला हसू आलं. "उपटून टाकलेली माझ्या शेळ्यांनी खाल्ली की मागल्या महिन्यात. दिसभर झिंगायल्या. एक तर वढ्यात बसली ती उठंच ना."

"कुठं खाल्ली?"

"जीपवाल्या अण्णाच्या बांधावर."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. दुपारीच आम्ही अण्णाच्या शेतात शिरलो. कडेला तुरीच्या दाट ओळी, आत सगळा गांजा, आणि त्यात औषधालाही नर नाही. आम्हाला म्हाताऱ्याच्या मागे लावून हा स्वतःचा माल काढणार होता. अण्णाला शिक्षा झाली. त्याचं मला आजही समाधान आहे.

म्हाताऱ्यावरही गुन्हा दाखल करावा लागला. पंचनाम्यात मी उभा नर, बियांचा फुलोरा, बैल, सगळं लिहिलं. कोर्टाने त्यावरूनच त्याला सोडलं, पण तोवर तो काही महिने आत होता. सुटल्यावर तो ठाण्यात आला. बैल पोट फुगून गेला होता. शेजाऱ्याने वैरण टाकली, पण पाला कोण देणार? तो मी जप्त केला होता.

आता कलबुर्गीत सकाळी फिरताना मित्र गांजा खुला करावा की नको यावर तावातावाने भांडतात. मी ठामपणे सांगतो, अण्णासारख्यांना सूट देऊ नका. पण बैलाच्या औषधाची चार झाडं आणि विक्रीचं शेत यांतला, शेळ्या राखणाऱ्या माणसाला कळणारा फरक कायद्यालाही कळला पाहिजे. मला तर तो त्याच दिवशी त्या चार झाडांभोवती फिरताना कळला होता. तरी म्हाताऱ्याला ठाण्याच्या जीपमध्ये मीच बसवलं, आणि त्याची मला लाज वाटते.