पाटलांचा व्यायाम

ठाण्याहून निघताना बायकोने माझ्या कमरेला मलम चोळलं आणि विचारलं, "उडी मारणारच का?" आणखी एक हिसका बसला तर कराटे शिकवणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी तिच्यादेखत बजावलं होतं. पण काळा पट्टा बांधला की कंबर दुखते असं म्हणायची सोय राहत नाही. माझा जुना चेला मोहिते पेणनंतर आता रोह्याला वर्ग काढत होता. उद्घाटनाला मी उडत्या लाथेने कौलं फोडायची, असं गावभर सांगून झालं होतं.

आदल्या दिवशी मुक्कामाला पेणला रामवाडीत एसटीतून उतरलो तर समोर मोहितेच्या वर्गाची पाटी: 'पाटील्स. कराटेवाल्यांसाठी खास व्यायाम.'

"सर, मी पिलाटीस लिहायला सांगितलं होतं, हा व्यायाम काढणाऱ्या जर्मनाचं आडनाव," मोहिते कसनुसा हसला. "पेंटर म्हणतो, असलं आडनाव आपल्याकडं नाय."

पाटी वाचून आसपासच्या गावांतले बरेच पाटील नाव नोंदवून गेले होते. कराटेवाला त्यांत एकही नव्हता.

शिकवायला होत्या साठीच्या एस्तेरबाई. जन्म पेणचा, लग्नानंतर इस्रायलला गेलेल्या, तिथे नाचणाऱ्यांकडून हा व्यायाम करून घेत. थंडीत माहेरी आल्या आणि मोहितेच्या तावडीत सापडल्या. त्यांनी मला सतरंजीवर आडवं केलं.

"बेंबी पाठीला लाव नि पाय उचल. हळू. घाई नाय."

माझी लाथ एरवी समोरच्याच्या डोक्यापर्यंत जाते. हळू उचलायचा म्हटल्यावर तोच पाय वीतभर वर जाऊन थरथरायला लागला. शेजारचे म्हातारे पाटील तोवर घोरत होते, एवढाच काय तो दिलासा.

"आजवर नुसत्या जोरावर निभावलंस," बाई म्हणाल्या. "पोटात ताकद नाय, सगळा भार कमरेवर."

"यानं बरी होईल?"

"होईल, पण महिने जातील. तोल येईल, दम टिकेल. मारामारी मात्र यानं येत नाय, ती निराळी शिकायची. नि आज लोळलास म्हणून उद्या उडी मारशील, तर कायमचा बसशील."

मला फक्त 'होईल' ऐकू आलं. संध्याकाळी मोहितेकडे पोपटी (वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी पाल्यासकट मडक्यात भाजतात) होती. ती गळ्यापर्यंत खाल्ली आणि लगेच अंगणात बाईंचा व्यायाम दुप्पट केला. वालाने पोटात आपलं काम सुरू केलं होतं. बेंबी पाठीकडे जायला मुळीच तयार होईना.

सकाळी रोह्याच्या गाडीत बसलो. नागोठणं येईपर्यंत शिंकायचीही भीती वाटू लागली.

रोह्याच्या मैदानावर शिफ्ट सुटलेले कंपनीवाले पोरंबाळं घेऊन आले होते. मोहितेने आपल्या गोठ्याची कौलं काढून रचली होती. एस्तेरबाई पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. मी धावायला मागे सरलो, श्वास घेतला, आणि मला खरोखर भीती वाटली. उद्यापासून मुलांसमोर उभं राहता आलं नाही तर मी करणार काय?

मी चालत कौलांपाशी गेलो आणि म्हणालो, "माझी कंबर दुखते. आज उडी नाही."

कुणी हळहळलं नाही. मागून एक कंपनीवाला शांतपणे म्हणाला, "मग पेणला त्या पाटलांकडं जा की, मास्तर."

सगळं मैदान हसलं. बाईही हसल्या. मग मीही, जपून.

परतताना रामवाडीला पेंटर पाटी पुसायला शिडीवर चढला होता. मी त्याला खाली उतरवलं.

घरी बायकोने दारातच विचारलं, "फुटली का कौलं?"

"गोठ्यावर परत चढली," मी म्हणालो आणि सतरंजी अंथरली. ती मलम घेऊन येईपर्यंत माझा पाय वीतभर वर गेला होता.