जळीत उसाची कपात

राष्ट्रीय संघात माझी निवड झाल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत, मॉलच्या वरच्या मजल्यावर, कुणाच्या तरी घामट बुटांत पावडर मारत होते. तेच माझं काम. बोलिंग खेळायला आलेल्यांना मापाचे बूट द्यायचे, परत आले की पुसायचे, आणि कुणी चपला घालून लेनवर चढला की ओरडायचं. ओरडण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मॉल उघडायच्या आधी मालक मला एक लेन फुकट वापरू देतात, तिथंच मी शिकले. लांब गुळगुळीत पट्टी, टोकाला दहा पिना, आणि तीन बोटं घालून फेकायचा जड बॉल. अंथुर्ण्यात आमच्या घरी अजून "पोरगी मोठाल्या गोट्या खेळती" असंच सांगतात. मीही आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

"सहाव्या जागेवर तुझं नाव घेतलंय," निवड समितीच्या मॅडम म्हणाल्या.

"अहो पण, तिसऱ्या फेरीला मी नव्हतेच."

"म्हणूनच सहावी जागा. परिस्थिती बघून थोडं लवचिक व्हावं लागतं. आता जास्त डोकं लावू नकोस, पेढे वाट."

पेढे वाटले. मी स्वतः मात्र एकही खाल्ला नाही.

पुण्यात निवडीच्या तीन फेऱ्या होत्या. तिन्हींची बेरीज करायची, वरच्या पाच जणी थेट संघात. सहावी जागा समितीच्या मर्जीची. मर्जी म्हणायची, पण मी खेळायला लागल्यापासून ती बेरजेत सहावी येणारीलाच मिळताना बघितलेली. दोन फेऱ्यांनंतर मी तिसरी होते, आणि मनात विमानात बसूनही झालं होतं. तिसऱ्या फेरीच्या सकाळी पुण्याची बस वाटेत पाटसला पोचली आणि चुलतभावाचा फोन आला, आपला ऊस पेटलाय. वाऱ्यानं विजेच्या तारा एकमेकींना घासल्या आणि ठिणगी पडली. मी तिथंच उतरले, मिळेल त्या टेम्पोनं उलटी फिरले. पोचेपर्यंत आग विझली होती. आबा, म्हणजे माझे वडील, धुरानं काळवंडलेल्या तोंडानं बांधावर बसले होते. माझ्या खांद्यावरच्या बॉलच्या पिशवीकडं बघून म्हणाले, "ह्या गोळ्यानं इजवनार व्हतीस काय?"

तर मॅडमची ती लवचिकता या आगीमुळं. गावात फ्लेक्स लागला. त्यावर माझ्या फोटोशेजारी क्रिकेटची बॅट छापली होती. मी फ्लेक्स लावणाऱ्या पोरांना झाप झाप झापलं, पण बॅट काही हलली नाही.

दोनतीन दिवसांनी एक फोन आला. ठाण्याची मुलगी, माझ्याहून बरीच लहान. बेरजेत सहावी तीच आली होती. मी मनातल्या मनात कंबर कसली. भांडली असती तर बरं झालं असतं हो, भांडायला मी एका पायावर तयार असते. पण ती म्हणाली, "ताई, अभिनंदन. एकच विचारायचं होतं. नियम नेमका काय आहे? म्हणजे पुढच्या वेळी मी तसं करीन."

"अगं, आमचा ऊस जळाला," एवढंच तोंडातून निघालं. ती "हो ना, कळलं मला. वाईट झालं," म्हणाली. मनापासून म्हणाली, हे आणखी वाईट. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला दोन्ही बूट डाव्या पायाचे दिले.

सुटीला घरी गेले तर आमच्या शेतात कोयते चालू होते. कारखान्याची तोड लागणीच्या तारखेप्रमाणं येते, ज्याचा नंबर त्याचा ऊस. पण जळीत ऊस थांबत नाही, रस आंबतो, वजन घटतं. म्हणून तो नंबर सोडून आधी तोडतात. त्या आठवड्यात नंबर होता शेजारच्या तात्यांचा. ऊसतोड्यांची टोळी त्यांच्या बांधाला येऊन टेकली होती, तिथून उठवून आमच्याकडं आणली. तात्या कमरेवर हात ठेवून बघत उभे होते.

"मुद्दाम पेटवला असं गाव म्हनतंय," मला बघून तात्या म्हणाले. "मी न्हाय म्हनत. तारा मी बगितल्या. पन नंबर माजा व्हता, पोरी."

आणि एवढं बोलून ते आबांच्या मागं आमच्याच घरात चहाला गेले! मी चाट पडले. चहा पिऊन तात्या परत गेल्यावर मी जेवायला बसले आणि आबांना म्हटलं, "आबा, ह्यांना राग कसा येत न्हाय?"

"येतो की. पन आपल्याला कपात लागती, ते त्याला ठाव हाय. जळीत ऊस आदी जातो आन भाव कमी घेतो. कारखान्याच्या सभेत ठरल्यालं हाय, समद्यांम्होरं. कपात नसती तर निम्मं गाव काडीची पेटी घेऊन हिंडलं असतं." मग बशीतला चहा फुंकत सहज विचारलं, "तुमच्या त्या खेळात किती कपात लागती?"

मी ताटावरून उठले, बांधापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. आई म्हणाली, "भिंगरी लागलीय का पायाला?" मला काहीच लागलं नव्हतं, तीच तर भानगड होती. मला नंबर सोडून आत घेतलं होतं आणि भाव पुरा दिला होता. कपात लागली होती ती ठाण्याच्या पोरीला.

मी मॅडमना फोन लावला. म्हटलं, "आम्हा दोघींना समोरासमोर खेळवा. आणि मला काही पिनांची कपात लावा. मी मागून सुरू करते."

"डोकं फिरलंय का तुझं? आयतं मिळालंय तर गप घे ना!"

"आयतं आहे म्हणूनच गिळवत नाही, मॅडम. जागा तुमच्या मर्जीची ना? मग मर्जीनंच हे ठरवा. आणि पुढच्या वर्षापासून आधीच सांगून ठेवा, फेरी चुकली तर काय होणार ते."

त्या बराच वेळ चिडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, "ये. हौसच आहे तर लावते कपात." किती पिनांची ते मीच सुचवलं. खरी गोष्ट सांगू? मला वाटलं होतं, कपात लावूनही मी जिंकेन. त्या भरवशावरच एवढा तोरा होता.

पुण्यात समितीसमोर खेळलो. मी चांगली खेळले. त्या पोरीपेक्षा जास्त पिना पाडल्या, हे पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. मग मॅडमनी कपात वजा केली, आणि ती पुढं गेली. पोरगी रडत रडत माझ्या गळ्यात पडली. मीही मिठी मारली, पण मनापासून नव्हे. मला तिला हिसडून बाजूला करावंसं वाटत होतं. लोक म्हणाले, केवढं मोठं मन! डोंबलाचं मन. मी बॉल पिशवीत कोंबत होते आणि तो काही जाईना.

बाहेर येऊन आबांना फोन केला.

"काय झालं गं?"

"कपात लागली, आबा."

"लई?"

"मागितली होती तेवढीच."

पलीकडं कोयत्यांचे आवाज येत होते.

"मंग ये घरला," आबा म्हणाले. "तात्याची तोड लागलीय. तुजं इचारत व्हता सकाळपासनं."