साडेनऊ बोटं

सोलापूरच्या चन्नप्पा सुताराला जेवायच्या आधी रोज हजेरी द्यावी लागे. त्याची नव्हे, त्याच्या बोटांची. काशम्मा ताट वाढून समोर बसायची आणि म्हणायची, "हात." मग हा पन्नाशीचा बाप्या शाळेत नखं दाखवावीत तसे दोन्ही हात पुढं करायचा. बायको एकेक बोट चिमटीत धरून मोजायची. "…आठ, नऊ, आन् हे अर्धं. जेवा आता." अर्धं म्हणजे डावी करंगळी. तिचं वरचं पेर मशीननं पहिल्याच महिन्यात खाल्लं होतं.

हे मशीन म्हणजे त्याच्या सोप्यात नांदायला आलेली सवतच म्हणा ना! बंद पडलेल्या एका कारखान्याच्या भंगारातून एकाहत्तर साली आणलेली, मोटारीवर फिरणारी गोल करवत. टेबलातून वर आलेलं पातं उघडं, मोटारीचा पट्टा उघडा, आणि बंद करायचा खटका पट्ट्याच्या पलीकडं, स्वयंपाकघराच्या दाराशी, उंच भिंतीवर. चालतं मशीन थांबवायचं तर पट्ट्याला वळसा घालून जायचं. "कुण्या शहाण्यानं हितं खटका बसवला?" असं कुणी विचारलं, की चन्नप्पा छाती काढून सांगे, "म्याच की!"

या करवतीवर तो पोळपाट, लाटणी आणि विणकरांचे धोटे करायचा. कामात वाकबगार, त्यात खोट काढायला जागा नाही. पण चिरताना लाकूड पात्यावर आवळलं, की मशीन फळी मागं भिरकावून द्यायचं. एकदा अशीच फळी खिडकीतून गेली ती थेट शेजारच्या सुंदरम्माच्या वाळवणात. पापडांचा नुसता भुगा! सुंदरम्मा फळी घेऊन दारात हजर. "चन्नप्पा, तुमचा पोळपाट आला होता आमच्याकडं. लाटणं कधी धाडताय?" हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. काशम्मा तेवढी हसली नाही. फळी ज्या उंचीवरून गेली, तिथं एरवी नवऱ्याचं पोट असतं, हे तिनं बघून ठेवलं होतं.

"अवो, त्या पात्यावर काय तरी झाकण बसवा," ती म्हणाली.

"लक्ष्मीचं तोंड झाकू? खुळी का काय तू?"

"उद्या आणि चार बोटं गेली, तर सकाळी पूजेला लिंग कुटल्या तळव्यावर ठिवणार? माझ्या?"

हे वर्मी लागलं. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेऊन पूजल्याशिवाय त्यानं जन्मात चहा घेतला नव्हता. पण वर्मी लागलं की पुरुषमाणूस कामाला लागतो. चन्नप्पानं खटका दाबला आणि घरघरीत सगळं बोलणं बुडवून टाकलं.

आणि मग आला चौऱ्याहत्तरचा दसरा. खांडेनवमीला मशीनला हळदकुंकू झालं, झेंडूची मनगटाएवढी जाड माळ चढली. दुसऱ्या दिवशी मुहूर्ताचा एक काप घ्यायचा, तोही माळ न काढता, हा चन्नप्पाचा नेम. पूजेची माळ आपल्या हातानं कशी उतरवायची? आपट्याची पानं घेऊन शेजारपाजार जमलेला. चन्नप्पा नव्या धोतरात, खांद्यावर जरीकाठी उपरणं. त्यानं खटका दाबला, वळसा घालून टेबलाशी आला, आणि पट्ट्यानं माळेचं टोक धरलं.

अगा बाबौ! झेंडू असे उधळले की नवरदेवावरही कुणी उधळले नसतील. लोकांना वाटलं, यंदा चन्नप्पानं काही नवीनच काढलंय. दोघांनी तर टाळ्या वाजवल्या. माळ वाचवायला हा वाकला, तर उपरणं गेलं. उपरणं धरायला गेला, तर धोतराचा सोगा गेला. पट्टा धोतर गुंडाळतोय, धोतर चन्नप्पाला ओढतंय, आणि चन्नप्पा टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा. पातं बोटांपासून चार अंगुळांवर. "खटका! खटका!" सगळे ओरडताहेत, पण सगळे पट्ट्याच्या अलीकडं.

काशम्मा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. ती लाटण्यासकट धावली आणि उंच खटक्यावर लाटणं असं हाणलं की मशीन गपगार.

धोतर पार मोटारीच्या चाकावर. चन्नप्पा पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत, केसांत झेंडू, टेबल धरून तसाच उभा. तेवढ्यात सुंदरम्मानं पुढं होऊन त्याच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घ्या चन्नप्पा, सोन्यासारखं ऱ्हावा!"

मग जी काही हसाहस झाली, ती कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत ऐकू गेली. काशम्मा मात्र लाटणं टाकून समोर आली. "हात." भर दसऱ्याला, चारचौघांत तिनं बोटं मोजली. साडेनऊ भरली तशी आधी हसली, मग हसता हसता रडू फुटलं, आणि रडता रडता तोंड सुटलं.

"लक्ष्मीचं तोंड झाकायचं न्हाय म्हणं! आन् मी कोण? तीस वर्सं डोईवरचा पदर ढळू दिला न्हाय. हिला पदर न्हाय म्हणून तर हिनं भर दसऱ्याला तुमचं धोतर फेडलं!"

चन्नप्पाला पटलं. धोतर नसलेल्या माणसाला चटकन पटतं.

आठ दिवस त्यानं गिऱ्हाइकाचं काम हाती घेतलं नाही. खटका टेबलाच्या कडेला, गुडघ्याजवळ आणला. पट्ट्याभोवती लाकडी पट्ट्यांचा असा पिंजरा केला की उंदराचंही शेपूट आत जाऊ नये. पात्याच्या मागं पातळ लोखंडी पट्टी उभी केली, म्हणजे लाकूड आवळायला नको. काशम्माचं त्या दिवशी पिचलेलं लाटणं खाच पाडून फळी ढकलायला घेतलं. धोतर पूजेपुरतं, कामाला अर्धी चड्डी. राहिलं पात्याचं झाकण. तेलाच्या डब्याचा पत्रा लावला, तर तो थरथरत पात्याला चिकटला आणि किंचाळून फाटला.

काशम्मानं आत जाऊन आपल्या ट्रंकेचं झाकण आणलं. जाड पत्रा, त्यावर रंगवलेली गुलाबाची फुलं, मधोमध 'सौ. काशम्मा'.

"अगं, म्हायेरची ट्रंक हाय ती!"

"म्हणून तर देते. करवतीशी जरा दबून वागाल."

पुढं पाच वर्षं बायकोच्या नावाखाली करवत फिरली आणि एक ओरखडा उठला नाही. मग एके दुपारी काशम्माची बहीण अक्कम्मा अक्कलकोटहून आली. बहिणींच्या गप्पा रंगल्या. काशम्मानं बोलता बोलता ताट वाढलं, "जेवा," म्हणाली आणि वळली. थोड्या वेळानं बघते तर भाकरी तशीच, आणि नवरा दोन्ही हात पुढं करून बसलेला.

"काय, चटणी पायजे?"

"मोजायचं ऱ्हायलं की."

"आता कशाला? पदर हाय की तिला."

चन्नप्पानं हात मागं घेतले नाहीत. अक्कम्मा तोंडाला पदर लावून खुदखुदत होती. काशम्मा लाजून लाल झाली, पण हात पुसून खाली बसली आणि मोजायला लागली. अर्ध्या बोटाशी आल्यावर तिची चूक झाली की तिनं मुद्दाम केली, कोण जाणे. पण तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि भाकरी पार गार झाली.