अकरावं फोल्डर

शीलुओचा लाल पूल लागला तो चालण्याचा तिसरा दिवस. खुन-ताई दादांनी उजवा गुडघा हाताने दाबून धरला होता. समुद्राची देवी माझू आईची पालखी बरीच पुढे निघून गेली होती, ताशांचा आवाज वाऱ्याबरोबर येत-जात होता.

"दादा, मागून मंडळाचा टेंपो येतोय. बसता का?"

"टेंपोतून उतरून आईला काय सांगू? पार्सल आलंय म्हणून?"

पुलाच्या तोंडाशी एक आजी पानात बांधलेला भात वाटत होती. तिने माझ्या हातात शेंगदाण्याचा दिला आणि दादांकडे बघून म्हणाली, "याला पण देते गं. लग्नात मान नाही मिळाला असं तोंड केलंय."

"आजी, मी त्रेसष्ट वर्षांचा आहे."

"मग पोरगाच की. दोन घे, आणि मुकाट्याने खा, नाहीतर आईला नाव सांगेन."

दादा हसले. मी हसले नाही. हा पूल येईपर्यंत सांगून टाकायचं, असं सकाळी हात जोडताना ठरवलं होतं आणि पूल तर पायाखाली आला होता.

एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना ताइचुंगजवळच्या मशीन कारखान्यात नोकरी लागली, तेव्हापासून आम्ही युआनलिनला राहतो. मी घराखालीच कपडे दुरुस्तीचं दुकान टाकलं. शेजारी ल्याओ खुन-ताई यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मधली भिंत इतकी पातळ की त्यांचा स्क्रू पडला तरी मला ऐकू यायचा. त्यांची बायको श्यू-चू दुपारी माझ्याकडे येऊन बसायची आणि भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याची उणीदुणी काढायची. पलीकडून दादा ओरडायचे, "जरा हळू सांग, गिऱ्हाईक बसलंय!"

दादांची ख्याती एकाच गोष्टीसाठी. लग्नाचं चित्रीकरण करणारे, शाळेच्या संमेलनाचे, देवळाचे, असे सगळे डोंगराएवढ्या फाइली घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि म्हणायचे, लॅपटॉपवरचं डेस्कटॉपवर टाकून द्या, लवकर. पेनड्राइव्ह काढलेला दिसला की दादा म्हणायचे, "चमच्याने विहीर उपसायला आलात का?" वायफायचं नाव काढलं तर, "वाऱ्यावर सोडलेलं वाऱ्यावरच जातं." मग खुंटीवरची निळी केबल काढायची, एक टोक लॅपटॉपला, एक डेस्कटॉपला, दोन्हीकडे चार आकडे भरायचे, आणि रात्रभर लागलं असतं ते जेवून हात धुवेपर्यंत झालेलं असायचं.

पण त्यांचा खरा नियम नंतरचा. इकडच्या फाइली मोजायच्या, तिकडच्या मोजायच्या. इकडचं वजन, तिकडचं वजन. पहिली उघडून बघायची, मधली, आणि शेवटची. तोवर इकडचं काही पुसायचं नाही. "गेलं असं वाटणं वेगळं," म्हणायचे, "आणि गेलेलं असणं वेगळं."

श्यू-चू आणि दादा दरवर्षी माझू आईबरोबर चालायचे. दादा पुढे उलट्या पावलांनी, डोळ्याला कॅमेरा. श्यू-चूच्या गळपट्टीला बारका माइक. अकरा वर्षांची अकरा फोल्डरं. अकराव्या वर्षी मीही गेले होते, तिच्या शेजारून. त्या साली पानगळीत ती वारली. शेवटच्या वर्षाचं दादांनी ऐकलंच नव्हतं. कॅमेऱ्यातून उतरवून लॅपटॉपवर ठेवलं होतं, तेवढंच. म्हणायचे, मोठ्या पडद्यावर घेईन आणि मग एकदा निवांत बसेन.

पुढल्या वसंतात त्यांच्या मुलीला, यी-च्युनला, तायपेईत नोकरी लागली आणि लॅपटॉप तिला द्यायचं ठरलं. ती चारच्या गाडीने जाणार. सकाळी दादांनी केबल जोडली. सातशे जीबी, पावणेदोन तास. मध्येच शाळेतून बोलावणं आलं. मला म्हणाले, "वहिनी, जरा बसा इथे. हात मात्र लावू नका."

मी बसले. डेस्कटॉपवर हिरवी पुडी होती. आमच्याकडे त्या मक्याच्या खाऊच्या पुडीशिवाय कोणी मशीन चालवत नाही. ती असली की मशीन गुणी वागतं. पुडी हिरवीच हवी, कोणी खायची नाही, आणि तारीख उलटलेली तर मुळीच चालत नाही. मी सहज तारीख वाचली. कालची होती.

मला राहवेना. श्यू-चूचा आवाज तिकडे चाललेला आणि वर शिळी पुडी! देवापुढचं निर्माल्य काढावं तशी मी ती काढली, समोरच्या दुकानातून नवी आणली आणि नीट भिंतीकडे सरकवून ठेवायला गेले. केबलचा खटका आधीच तुटलेला. माझ्या मनगटाचा धक्का लागला आणि ती सुटून खाली आली.

पडद्यावर काहीतरी लाल आलं. घाबरून मी केबल परत खोचली आणि ते लाल बंद केलं. डेस्कटॉपवर अकराही नावं दिसत होती. वरची तीन उघडून बघितली, चालली. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, दादांचा प्रोग्राम आधी सगळी रिकामी फोल्डरं मांडतो आणि मग एकेक भरतो.

दादा घामाघूम होऊन आले. तीन वाजून गेले होते, यी-च्युन दारात बॅग घेऊन उभी. "वहिनी, मोजलं का?"

"हो," मी म्हणाले. "मोजलं. गेलं सगळं."

त्यांनी लॅपटॉप पुसला, नवा करून लेकीच्या हातात दिला.

चार-पाच दिवसांनी तो लॅपटॉप परत आलेला मला काचेतून दिसला. पुसलेलं परत मिळतंय का बघत आठवडाभर दादा त्याच्यावर वाकून बसले होते. मग तो परत गेला. त्यांनी मला काही विचारलं नाही, मी काही बोलले नाही. रोज सकाळी दिवा लावताना वाटायचं, आज सांगू. दोन वर्षं गेली अशी.

पुलाच्या मध्यावर दादा कठड्याला टेकले. मी म्हणाले, "दादा, त्या दिवशी मी मोजलं नव्हतं. केबल माझ्या हाताने सुटली. मी खोटं बोलले."

ते खालच्या पाण्याकडे बघत होते. "ठाऊक आहे. जुनी पुडी तुमच्या कचऱ्याच्या बादलीत पडली होती. नवीची तारीख सहा महिने पुढची. ती पण अगदी खटक्याच्या वर ठेवलेली."

"मग बोललात का नाही?"

"काय बोलणार? अकरावं रिकामं निघालं, पण मोजायचं काम माझं होतं. आयुष्यभर लोकांना शिकवलं आणि घरच्याच वेळी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होतो. कारण दुसरं एक मागायचं होतं, आणि ते आधी मागता येत नव्हतं."

आजीच्या भाताचं पान त्यांच्या हातात तसंच होतं, न उघडलेलं.

"त्या वर्षी या पुलावर ती तुमच्याशी बोलत होती. मी पुढे होतो, ओठ हलताना दिसत होते. हसली पण. मला वाटलं, माइक आहे, नंतर ऐकू." त्यांनी गुडघा सोडला आणि चालायला लागले. "पूल संपेपर्यंत सांगा, वहिनी. ती काय म्हणाली, सगळं. मला शिव्या दिल्या असतील तर त्या पण. आणि जिथे आठवत नसेल, तिथे आठवत नाही म्हणा. 'गेलं सगळं' एवढं म्हणू नका."