कोरं पान आणि कापडी बोंबील

आमचं अनियतकालिक दोन वर्षांतून एकदा निघतं, किस्से मात्र दर रविवारी! मुलुंडला माझ्या घरी आम्ही चौघं जमतो. मी प्रुफं तपासतो, प्रकाश कविता करतो, शुभांगी परफॉर्मन्स करते आणि गोराईचा चेतन इन्स्टॉलेशन करतो. मराठी कला उलथून टाकायची म्हणून सुरुवात केली होती. कलेला अजून त्याचा पत्ता नाही, पण माझ्या बायकोने आम्हाला चहा देणं कधीच बंद केलंय.

•

गेल्या अंकात प्रकाशची कविता म्हणजे नुसतं कोरं पान होतं. खाली फक्त त्याचं नाव. घाटकोपरच्या प्रेसवाल्या काकांना वाटलं, मजकूर राहिला. जागा फुकट कशाला घालवा, म्हणून त्यांनी तिथे भाच्याच्या दहावीच्या क्लासची जाहिरात टाकली! प्रकाश दोन दिवस धड जेवला नाही.

मग अंकावर एकुलतं एक पत्र आलं. 'शिक्षणव्यवस्थेवर इतकी जळजळीत कविता आजवर वाचली नव्हती!'

प्रकाशने ते फ्रेम करून लावलंय. विचारलं की म्हणतो, "कवीने स्पष्टीकरण देऊ नये यार!"

•

शुभांगी एकदा सकाळी सातला बागेत दोन्ही हात वर करून तासभर स्तब्ध उभी राहिली. विषय, बाईची घुसमट. दहा मिनिटांत तिच्यामागे सहा आज्या हात वर करून उभ्या! तास संपल्यावर त्यातली एक म्हणाली, "खांदे अगदी मोकळे झाले गं! उद्या किती वाजता?"

नाही म्हणणं शुभांगीच्या स्वभावात नाही. आता दर गुरुवारी जाते बिचारी.

•

पण सगळ्यांवर कडी केली ती चेतनच्या प्रदर्शनाने.

चेतनची आई गोराईची कोळीण, अजूनही मासळी विकते. अकरा वर्षांत तिने लेकाचं एकही प्रदर्शन पाहिलं नव्हतं. तो दर वेळी बोलवायचा, तिचा दर वेळी बाजार असायचा. वरून दाखवत नसला तरी हे त्याला फार लागायचं. यंदा त्याने तिच्याच जुन्या लुगड्यांचे शंभर बोंबील शिवले, तारेचे जबडे लावले आणि बोरिवलीच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दोरीवर एकेक सुटा टांगला. नाव दिलं, 'एकटे'.

पहिल्याच दिवशी सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून आले. "वासाच्या तीन कंप्लेंट आल्यात!"

"अहो काका, कापडाचे आहेत!"

"ते मला सांगू नका, मेंबर्सना सांगा!"

शेवटच्या दिवशी दुपारी आई आली. मासळीची पाटी बाहेर ठेवून आत शिरली आणि दोरीपाशी थांबली. चेतनचा चेहरा पांढराफटक.

"येकयेकटा कोनी टांगला रं?"

"मीच, आई. म्हणजे शहरातला माणूस कसा एकटा..."

"येकटा टांगलास त वाऱ्यानं खाली परंल ना!"

तिने खाली बैठक मारली, दोरे सोडले आणि एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोड्या दोरीवर टाकायला लागली. बोंबील असेच वाळत घालतात. गोराईत जन्म काढून चेतन हेच विसरला होता! तो तिच्याशेजारी मांडी घालून एकेक बोंबील तिच्या हातात द्यायला लागला. डोळे भरलेले, पण हात थांबत नव्हता.

गर्दी जमली. लोकांना वाटलं, हाच परफॉर्मन्स. एक समीक्षकबाई वही काढून अदबीने आईजवळ वाकल्या. "आपण या माध्यमात कधीपासून काम करता?"

"ल्हानपनापासून," आई मान वर न करता म्हणाली. "आन् ह्यो माझा पोर. आजच लागलाय!"