टरबुजाचा रस्सा

मी लिंगायत माणूस. आमच्या घरात सात पिढ्यांत कोंबडीला कुणी हात लावलेला नाही. तरी उदगीरच्या स्टेशन रोडवरच्या मारोतीच्या चायनीजबद्दल माझ्याइतकं खात्रीनं कुणी बोलणार नाही. त्याचा गाडा माझ्या शिवणकामाच्या दुकानाला खेटून उभा असायचा आणि रोज संध्याकाळी सगळा धूर माझ्याच नाकात जायचा. लसूण परततोय की करपतोय, हे मी मशीनवरची मान न उचलता सांगायचो. माझी बायको शरणम्मा म्हणायची, "कापडाला वास लागतोय, गिऱ्हाईक पळंल." गिऱ्हाईक काही पळालं नाही. उलट ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या बाया जाताना चिकन चिली बांधून नेत.

मारोतीनं उमेदीची वर्षं सिकंदराबादच्या एका हॉटेलात कढईपुढं घालवली. तिथला वस्ताद डब्यातल्या अननसाच्या रसात कोंबडी आंबट-गोड करायचा, ते मारोतीनं बघून बघून उचललं. गावी येऊन गाडा टाकला तेव्हा उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा होती. या पठ्ठ्यानं लगेच पाटी रंगवून घेतली, 'जिल्हा चायनीज'. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातली गत. जिल्हा झाला नाही, पाटी राहिली. कुणी चिडवलं तर म्हणायचा, "सरकार उशीर करून राहिलंय, त्याला मी काय करू?"

असल्याच उत्साहानं त्यानं लेकीच्या लग्नात घोळ घातला. पंचशीला ही मारोती आणि सरजाबाईची एकुलती एक पोर. धर्माबादकडच्या नरसिंगरावांच्या सुमेधला दिली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सोयऱ्यांना कोंबडीचं जेवण होतं. आचारी लावायचा सोडून मारोती स्वतः कढईपुढं उभा राहिला आणि गाड्यावरची करतो तशी कोंबडी केली, सुकी, लाल, चकचकीत. आता आमच्याकडं सोयऱ्याचा मान रश्श्यात असतो, हे न खाणाऱ्या मलाही ठाऊक आहे. ताटात भाकरी चुरायची, वरून रस्सा ओतायचा, पुन्हा मागून घ्यायचा, तेव्हा कुठं माणूस जेवला म्हणतात. नरसिंगरावांनी भाकरी चुरली आणि वाट बघत बसले. रस्सा केलेलाच नव्हता, येणार कुठून? "सोयऱ्याला कोरडी भाकर घालता व्हय?" असं म्हणून ते भरल्या ताटावरून उठले आणि ह्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं बोलून गेले.

पोरगी मात्र सासरी चांगली रमली. नवरा जीव लावणारा, सासूचा जाच नाही. पहिल्या नागपंचमीला माहेरी आली आणि इथंच अडकली. पंचमीला आलेल्या लेकीला न्यायला सासरचं माणूस यावं लागतं. नरसिंगराव आपल्या शब्दाला अडून बसले आणि मुलालाही येऊ देईनात. इकडं मारोतीचं म्हणणं, बोलवीन तर रश्श्याचं जेवण घालायलाच बोलवीन, अन् रश्श्याला घरात पाणी कुठंय? पाऊस पडू दे, मग बघू.

पाऊस पडलाच नाही. दसरा गेला, संक्रांत गेली. पंचशीला सुमेधचा फोन घ्यायला माझ्या दुकानामागं यायची आणि डोळे पुसत परत जायची. मला मारोतीचा असा संताप यायचा! एकदा तोंडावर म्हणालो, "अरे, पोरीचा संसार मोठा का तुझा रस्सा?" तो राखेनं कढई घासत राहिला. पाणी नव्हतं, म्हणून त्यानं नूडल्स अन् भातही बंद करून टाकले होते.

चैत्रात लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं, तेव्हा सरजाबाईचा धीर सुटला. नवऱ्याला न विचारता तिनं व्याह्यांना निरोप धाडला, पोरगी तुमची आहे, येऊन घेऊन जावा. उत्तर आलं, सुनेसाठी शब्द मोडतो, रविवारी येतो, पण जेवायलाच येतो.

शनिवारचा टँकर आला नाही. जारवाला फोन उचलेना. माझ्या घरातली घागरही पालथी होती. रविवारी सकाळी मारोतीच्या घरात एकच घागर भरलेली, आणि सरजाबाई तिच्यापुढं राखणीला बसलेली.

"ह्यातलं पावन्याला प्यायला अन् हात धुवायला," ती म्हणाली. "भांड्यात एक थेंब घालू देणार न्हाई."

मारोती माझ्याकडं आला. चेहरा पार उतरलेला. "संगप्पा, पुन्ना कोरडंच ताट. पोरगी आता जन्माची हितंच."

मी उठलो. त्याच्यामागं घरात गेलो. पाहुण्याला सरबताऐवजी कापून द्यायला सरजाबाईनं एक टरबूज आणून ठेवलं होतं. पिकलंय का बघावं म्हणून मारोतीनं ते परातीत चिरलं, आणि लाल पाणी परातभर पसरलं. तो त्या पाण्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं बघून ओरडला, "आजून तीन आन! पळ!"

सात पिढ्यांचा शाकाहारी मी, कोंबडीच्या रश्श्यासाठी सायकलवर टरबुजं लादून भर उन्हात घामाघूम झालो. गाळायला मांजरपाटाचं कोरं कापडही माझ्याच दुकानातलं गेलं. मारोतीनं तेल तापवून आलं-लसूण परतला, कोंबडी लाल होईस्तोवर भाजली, किसलेली कैरी घातली, गाड्यावरच्या बाटलीतला सोया सॉस ओतला. अननसाच्या जागी टरबूज आलं, व्हिनेगरच्या जागी कैरी. वरून तिखट आणि सरजाबाईच्या हातचं, धान्यं अन् मसाला भाजून दळलेलं मूठभर येसर. मग टरबुजाचं सगळं पाणी त्यात सोडलं. उकळी फुटली तसा असा काही वास सुटला की मी सरकून दारात बसलो. मन चळायला वेळ लागत नाही.

दुपारी नरसिंगराव आले, एकटेच. जयभीम घातला, पाणी प्याले, पाटावर बसले. मध्यस्थ म्हणून मलाही बसवलं. मी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी घेऊन कडेला. नरसिंगरावांनी भाकरी बारीक चुरली, हात थांबवला आणि मारोतीकडं बघितलं. मारोतीनं वाटी ओतली. लालभडक, पातळ, वर तेलाचा तवंग. पहिला घास गेला. दुसरा गेला. 

"ह्याच्यात काय घातलंय?"

सरजाबाईनं डोळ्यानं खुणावलं, बोलू नका. पण मारोतीच्या पोटात काही राहत नाही. "टरबूज," तो म्हणाला. "घरात पानी न्हाई, पावनं. हुतं तेवढं तुमच्यासाठी ठिवलंय."

नरसिंगरावांनी उरलेली भाकरी रश्श्यात कालवली. मग म्हणाले, "गोड हाय. आंबट बी हाय. पर रस्सा हाय. वाढा आणखी."

त्यांनी चार वाट्या घेतल्या. जेवण झाल्यावर सरजाबाई हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन आली, तर त्यांनी हात मागं घेतला. "ऱ्हाऊ द्या माय. प्यायला हुईल." आणि हात खांद्यावरच्या टॉवेलला पुसले. माझा जीव भांड्यात पडला. सरजाबाई तर तांब्या घेऊन तशीच खाली बसली.

मग त्यांनी खिशातून फोन काढला. "ये रं आता," एवढंच म्हणाले. सुमेध गाडीतून उतरल्यापासून स्टेशनच्या बाकड्यावर उपाशी बसला होता! बाप म्हणाला होता, आधी मी जातो, जमलं तर बोलावतो.

जावई येतोय म्हटल्यावर मारोती आनंदानं भांड्याकडं धावला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला. भांड्यात चमचाभर मसाला तेवढा उरला होता.

तेवढ्यात पंचशीला आतून झाकलेली वाटी घेऊन आली. रस्सा काठोकाठ, वर कोंबडीची टांग. "त्यांचं मी मगाशीच काढून ठिवलंय," ती म्हणाली.

नरसिंगराव चमकले. "त्यो येनार, हे तुला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई, मामा." ती खाली बघून म्हणाली. "मी रोजच काढून ठिवते. पंचमीपासून."

 सरजाबाईनं तोंडाला पदर लावला. रोज सकाळी फडताळात शिळी भाकरी कुणाची राहते, हे तिला तेव्हा कळलं. नरसिंगरावांनी टॉवेल डोळ्यांवरून फिरवला. सुमेध दारात येऊन चपला काढत होता. त्याच्याकडं न बघता ते सुनेवर खेकसले, "मंग वाढ की त्याला! उभी कामून हायस?"